अकरा बरण्यांना एक-एक चिमूट

सव्वीस वर्षं मी गोगलगायी सांभाळते आहे. नात्यागोत्यात कुणी विचारलं की नोकरी कुठे, तर मी 'प्रयोगशाळेत' एवढंच सांगते. तेवढ्यावर भागलं तर उत्तम. पण खोदून विचारणारे निघतातच, मग सांगावं लागतं, आणि मग ते हसतात. हसोत बापडे. त्यांच्या हाताखाली फायली आहेत, माझ्या हाताखाली जिवंत जीव आहेत. फाईल उपाशी राहिली म्हणून कुणाचा जीव खालीवर होत नाही.

काम म्हणाल तर घरच्यासारखंच. सकाळी आठला कुलूप उघडायचं. नळाचं पाणी पिंपात दिवसभर उघडं ठेवायचं, म्हणजे त्यातला क्लोरीन उडून जातो. सोमवारी आणि गुरुवारी बरण्यांचं पाणी बदलायचं, लेट्यूसची पानं तीनदा धुऊन त्यांचे नखाएवढे तुकडे आत टाकायचे, तळाची घाण चमच्याने उचलायची. या तळ्यातल्या गोगलगायी काचेवर अंडी घालतात, पारदर्शक जेलीच्या पट्टीत, एका पट्टीत पन्नास-साठ. ती भिंगातून मोजायची आणि तक्त्यात लिहायची. यांच्यात नर वेगळा, मादी वेगळी असं नसतं. जो तो दोन्ही असतो. त्यामुळे बाळंतपण कुणाचं आणि रुबाब कुणाचा, ही भानगडच नाही. मला हे फार आवडतं.

सरांना मात्र माझं हे आवडणं खुपतं. सर माझ्याहून तीन वर्षांनी मोठे, तरी मला मावशीच म्हणतात. "मावशी, जीव लावायचा नाही. जीव लावला की आकडा बिघडतो." दर नव्या प्रयोगाच्या सुरुवातीला ते हे एकदा म्हणतात आणि मी एकदा मान हलवते.

या खेपेचा प्रयोग पोरीचा होता. पोरगी म्हणजे सरांच्या हाताखाली डॉक्टरेट करणारी मुलगी. वय अठ्ठावीस, पण जेवायची आठवण मला करून द्यावी लागते, म्हणून माझ्या लेखी पोरगीच. तिने पहिल्याच दिवशी मला स्टुलावर बसवून सगळं समजावून सांगितलं. मोज्यांना वास येऊ नये म्हणून हल्ली कापडात चांदीचे कण घालतात. किती बारीक? केसाच्या जाडीचे हजार भाग केले, तर त्यातल्या एका भागाएवढे. मोजे धुतले की त्यातले काही कण गटारात जातात, गटारातून नदीत. त्या पाण्यात राहणाऱ्या गोगलगायीला काय होतं, ते बऱ्याच जणांनी पाहिलं आहे.

"पण मावशी, मला तिचं नाही, तिच्या नातवंडांचं बघायचंय," पोरगी म्हणाली. "आजी त्या पाण्यात राहिली. आई आणि नात स्वच्छ पाण्यात वाढल्या. तरी नातीला त्याचा त्रास होतो का?"

बारा बरण्यांमधल्या आज्यांना महिनाभर कणांच्या पाण्यात ठेवलं, बारा बरण्यांमधल्या आज्यांना साध्या पाण्यात. पुढच्या सगळ्या पिढ्यांना एकाच पिंपातलं स्वच्छ पाणी. कुठल्या बरणीतलं कूळ कुठलं, हे फक्त सरांना ठाऊक. यादी त्यांच्या खणात, बंद पाकिटात. आम्हा दोघींना नुसते एक ते चोवीस आकडे. कळलं की माणसाचा हात नकळत झुकतो, म्हणून ही पद्धत. चार बरण्या पोरीच्या टेबलावर दिव्याखाली असायच्या, कारण त्यांचे ती रोज फोटो काढायची आणि त्यांचं खाणंपिणंही तीच बघायची. उरलेल्या वीस फळीवर, माझ्याकडे.

आता सव्वीस वर्षं जी बाई हेच बघत आली, तिच्यापासून पाकिटात काय लपणार? आयांच्या पिढीतच मला कळायला लागलं. काही बरण्यांत अंडी कमी, पट्टीत मधूनच एखादं धुरकट अंडं, जे शेवटपर्यंत फुटायचंच नाही. पण आया कशाबशा निभावल्या. नातवंडं बाहेर आली तेव्हा मात्र मी भिंग खाली ठेवलंच नाही. धडधाकट पिल्लू दोन-तीन दिवसांत काचेवर चढायला लागतं. त्या काही बरण्यांतली तळाशीच पडून. मोहरीएवढी, कवच इतकं पातळ की भिंगातून बघताना आपलाच श्वास त्यांना लागेल असं वाटावं.

माझी लेक सातव्या महिन्यात झाली होती. दवाखान्यातली नर्स म्हणाली होती, वाट बघायची. मी वाट बघणाऱ्यातली नाही. कापसाच्या बोळ्याने तिच्या ओठांवर थेंब थेंब दूध सोडत मी सहा आठवडे काढले. आज ती माझ्याहून वीतभर उंच आहे आणि मलाच दटावते. पण तेव्हापासून दुबळा जीव समोर असताना हाताची घडी घालून बसणं मला कधी जमलेलं नाही.

कवचाला चुना लागतो, हे मला सरांनीच शिकवलेलं. घरी अंड्यांची टरफलं होती. ती धुतली, तव्यावर भाजली, कुटून पिठासारखी केली आणि एका डबीत भरून आणली. गुरुवारी पाणी बदलताना ज्या बरण्यांत पिल्लं तळाशी होती, त्यांत एक-एक चिमूट सोडली. अकरा बरण्या होत्या. बाकीच्यांना कशाला? जेवून उठलेल्याला पुन्हा कोण वाढतं? मी काही लपूनछपून केलं नाही, पण कुणाला सांगितलंही नाही. विष घातलं असतं तर गुन्हा, औषध दिलं असतं तर आगाऊपणा. मी तर नुसतं खायला घालत होते. दर सोमवारी आणि गुरुवारी, आठ आठवडे.

तिसऱ्या आठवड्यात त्या अकरा बरण्यांतली पिल्लं काचेवर चढली. मी त्या दिवशी गाणं गुणगुणत फळी पुसली. सरांनी दारातून डोकावून विचारलं, "मावशी, आज काय विशेष?" मी म्हटलं, काही नाही, पाठ दुखायची थांबली.

आठ आठवड्यांनी मोजणी झाली. पोरीने एकेकीचं कवच मोजलं, किती जगल्या ते मोजलं, तीन दिवस मान वर केली नाही. मग सरांनी पाकीट उघडलं. तासाभराने पोरगी धावतच माझ्याकडे आली आणि ओल्या हातांसकट मला मिठी मारली.

"सावरल्या, मावशी! आयांना त्रास झाला होता, पण नाती सावरल्या. टेबलावरच्या दोन बरण्या सोडल्या तर साध्या पाण्याच्या बरण्यांत आणि यांच्यात काही फरकच नाही!"

"त्या दोघींना काय झालं?"

"निम्म्याहून जास्त मेल्या. दिव्याखाली तापल्या असतील. सरांना विचारून मी त्या हिशेबातून काढल्या." मग माझे हात हातात घेऊन म्हणाली, "पण तुमच्या वीसच्या वीस जगल्या. हाताला गुण आहे तुमच्या."

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. दोन दिवस मी फुगून होते.

तिसऱ्या दिवशी पोरीने माझ्यापुढे एक कागद ठेवला. शुक्रवारी तो शहराच्या पाणी समितीकडे जायचा होता. "तुम्हाला समजलं तर कुणालाही समजेल," ती म्हणाली. तिला माझा अपमान करायचा नव्हता, मी तसा घेतलाही नाही. चष्मा लावून वाचायला लागले. वरून चौथी ओळ होती: 'आजीच्या पिढीला झालेली इजा नातवंडांच्या पिढीत उरत नाही.'

ती ओळ मी तीनदा वाचली. उरत नाही? मी बघितली होती उरलेली. तळाशी पडलेली, मोहरीएवढी, भिंगातून बघितली होती. ती गेली नव्हती, मी ती चिमटीने झाकली होती. आणि आता हा कागद नदीकाठच्या प्रत्येकाला सांगणार होता की घाबरू नका, दोन पिढ्यांत सगळं आपोआप निस्तरतं.

"समजलं?" पोरीने विचारलं.

"समजलं," मी म्हटलं. कागद तिच्या हातात परत दिला.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. तिला सगळं सांगितलं. ती आधी हसली.

"आई, म्हणजे तू भर परीक्षेत पोरांना उत्तरं सांगितलीस."

"सगळ्यांना नाही गं."

"तेच तर! जी नापास होणार होती तेवढ्यांनाच सांगितलीस. आणि आता ती मुलगी निकाल लावणार की वर्गात कुणी कच्चं नाही." मग तिचं हसू थांबलं. "सांग तिला."

"तिची शिष्यवृत्ती दोन महिन्यांत संपते. दुसऱ्या गावी शिकवायची नोकरी ठरली आहे. प्रबंध वेळेत दिला तर ती नोकरी. मी कुठल्या तोंडानं सांगू?"

"जे आहे त्याच तोंडानं. आणि शुक्रवारच्या आत."

हिला वाढवताना इतकं शहाणं करायला नको होतं, असं मला अधूनमधून वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगी येऊन बॅग ठेवते न ठेवते तोच मी सांगून टाकलं. उभ्या उभ्याच. बसले असते तर रडले असते. टरफलं, तवा, डबी, अकरा बरण्या, सोमवार-गुरुवार, सगळं.

ती ओरडेल असं वाटलं होतं. ती ओरडली नाही. वही काढली आणि विचारायला लागली. कुठल्या बरण्या? चिमूट केवढी? पहिली कधी, शेवटची कधी? मी आकडे सांगत गेले, ती लिहीत गेली. मग तिने पाकिटातली यादी शेजारी ठेवली आणि एकेका आकड्यावर बोट फिरवलं.

"फळीवर कणांच्या कुळातल्या दहा बरण्या होत्या," ती हळू म्हणाली. "दहाच्या दहा तुमच्या यादीत आहेत. मोजायच्या आधी, नुसतं बघून ओळखल्यात. उरलेली एक साध्या पाण्याची आहे."

"ती आळशीच आहे जन्माची," मी पुटपुटले.

तिला हसू आलं नाही. तिने वही मिटली आणि तेव्हा कुठे तिचा बांध फुटला. "मावशी, तीन वर्षं! तुम्ही दुष्ट असतात तर बरं झालं असतं हो. मला भांडता तरी आलं असतं. आता मी काय करू? तुम्ही त्यांना खायला घातलंत म्हणून तुमच्यावर ओरडू?"

"ओरड," मी म्हटलं. "मला ते सोपं जाईल."

पण ती ओरडली नाही. टेबलाशी जाऊन त्या चार बरण्यांकडे बघत राहिली. दोन बरण्या भरलेल्या, दोन निम्म्याहून जास्त रिकाम्या. मग तिने दिव्याच्या बटणावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "चारही एकाच दिव्याखाली होत्या."

मला आधी कळलं नाही.

"साध्या पाण्याच्या दोन तापल्या नाहीत. मग याच दोन कशा तापतील? कणांच्या कुळातल्या फक्त या दोघींनाच तुमच्या हातची चिमूट मिळाली नाही. खरं काय ते या दोघीच सांगत होत्या, आणि मी त्यांना हिशेबातून काढलं. मला त्या नको होत्या, मावशी. नाती सावरल्या असंच मला हवं होतं."

दोघींनाही भलंच हवं होतं. त्या भल्या हेतूने केवढं नुकसान केलं होतं, ते टेबलावर मांडून ठेवलेलं होतं.

सरांकडे आम्ही दोघी मिळूनच गेलो. सरांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "गोगलगाय आणि पोटात पाय," ते माझ्याकडे बघून म्हणाले. "सव्वीस वर्षं मला वाटायचं, ही बाई मान हलवते म्हणजे ऐकते."

"ऐकते सर. जमत नाही."

समितीचा कागद त्यांनी आमच्यासमोर फाडला. मग बराच वेळ बोलणं झालं. मेलेल्या दोन बरण्यांवरून निष्कर्ष काढता येत नाही आणि मावशीचा डोळा हा पुरावा होत नाही, असं सर म्हणाले, आणि ते बरोबरच होतं. पण आयांची पिढी अजून जिवंत होती, अंडी घालत होती. त्यांचीच नवी अंडी घेऊन नातवंडांची पिढी पुन्हा वाढवता येणार होती. नवे आकडे, नवं पाकीट. तीन महिने.

"आणि फळीवर या वेळी दुसरं कुणी बघेल," सर म्हणाले.

मी मान हलवली. नाही म्हणायला तोंड कुठे होतं?

"नाही सर," पोरगी म्हणाली. "मावशीच बघतील. त्यांच्याइतकं लवकर कुणाला दिसत नाही. फक्त त्यांना काही करायचं नाही."

फक्त. केवढा तो शब्द!

नोकरीच्या गावी तिने पत्र पाठवून तीन महिने मागितले. त्यांनी सभ्य भाषेत कळवलं की थांबता येणार नाही, आणि जागा दुसऱ्या कुणाला दिली. तिने ते पत्र मला वाचून दाखवलं नाही. तिच्या चेहऱ्यावरून मी ओळखलं आणि विचारलं, तेव्हा म्हणाली, "मिळेल हो दुसरी." मी तिच्यासमोर डबा ठेवला आणि ती जेवेपर्यंत शेजारी बसून राहिले. ती नोकरी माझ्यामुळे गेली. ते मी आजही विसरलेले नाही आणि विसरायचा प्रयत्नही करत नाही.

नवी पिल्लं बाहेर आली. चोवीसच्या चोवीस बरण्या या वेळी फळीवर, एकाच उजेडात. पाकीट सरांच्या खणात. मी डबी घरी रिकामी करून टाकली होती, कारण माझा माझ्यावर विश्वास नव्हता. पहिल्या दहा दिवसांतच मला दिसायला लागलं. सात, अकरा, बारा, सोळा. तळाशी. मी पाणी बदलायचे, सगळ्यांना सारखं पान टाकायचे आणि दोन्ही हात पाठीमागे धरून उभी राहायचे. सव्वीस वर्षांत एवढं कष्टाचं काम मी केलं नव्हतं. एकदा दुपारी बाराव्या बरणीपाशी मी इतका वेळ उभी राहिले की पोरीने येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला खुर्चीत बसवलं. मी रडले. तिने रडू दिलं.

रोजची मोजणी आम्ही दोघींनी मिळून करायची असं ठरलं. मी भिंगातून बघून आकडा सांगायचा, तिने लिहायचा. मेलं की जिवंत, याचाही नियम ठरलेला: मऊ कुंचल्याने तीनदा हळूच स्पर्श करायचा आणि घड्याळात मिनिटभर बघायचं. अंग आत ओढलं तर जिवंत. नाहीतर नाही.

तिसऱ्या आठवड्यातली एक सकाळ. सातवी बरणी. आदल्या दिवशी त्यात अठ्ठावीस होत्या. मी एकेक मोजत गेले. काचेवर पाच. पानाखाली आठ. तळाशी हलणाऱ्या पाच. बाकीच्यांना कुंचला लावत गेले, मिनिट मिनिट थांबत. पोरगी घड्याळाकडे बघत 'झालं' म्हणायची आणि मी पुढच्या पिल्लाकडे वळायचे. नऊ गेल्या होत्या.

शेवटची एक पानाच्या देठापाशी होती. मोहरीहूनही लहान. पहिला स्पर्श, काही नाही. दुसरा, काही नाही. तिसऱ्याला मला वाटलं की कडेला किंचित काही हललं. कुंचल्याने पाणीही हलतंच. मी श्वास रोखून बघत राहिले. मिनिट संपलं तरी पोरगी 'झालं' म्हणाली नाही. दुसरं मिनिटही तिने जाऊ दिलं.

"मावशी," ती अगदी हळू म्हणाली, "धरायची का ही जिवंत?"

ती माझ्यासाठी विचारत होती. माझा चेहरा बघून विचारत होती. एक आकडा इकडचा तिकडे, त्याने काय मोठंसं होणार होतं? मी पुन्हा भिंगाला डोळा लावला. एवढासा पांढुरका ठिपका. आईने स्वच्छ पाण्यात घातलेल्या अंड्यातून स्वच्छ पाण्यात जन्मला, स्वच्छ पाण्यातच राहिला. त्याच्या आजीला काय झालं होतं हे सांगायला जगात दुसरं कुणी नव्हतं. मी त्याला जिवंत म्हटलं असतं, तर त्याने एवढंसं जे सांगितलं तेही मी पुसून टाकलं असतं.

"नाही गं," मी म्हटलं. "गेली. अठरा लिही."

तिने अठरा लिहिलं. मी आठवी बरणी पुढे ओढली.